अमोनिया प्रिंटवरचा सोळा

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. पावती दिली तरी उलटून बघणारा माणूस मी. पण हे माझ्याच वर्कशॉपमध्ये, अंधेरी पूर्वेला, भर दुपारी घडलं... सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट.

ड्रॉइंगसाठी मी नवाकोरा कम्प्युटर घेतला होता. घासाघीस इतकी केली की विकणाऱ्याने शेवटी शिकवणीच सौद्यातून काढून टाकली. तरी एक वाक्य सांगायला त्याच्या बापाचं काय जात होतं? कागदावर प्लॉट, म्हणजे ड्रॉइंग, जितका लहान काढणार, तितक्या पटीने अक्षरं मोठी टाका — एवढंच! तो राग अजून गेलेला नाही. मी आपली ड्रॉइंग बोर्डावरच्या सवयीने अक्षरांना तीन मिलिमीटर उंची टाकली. स्क्रीनवर झूम केलं की झकास दिसायचं. दहापट लहान करून पारदर्शक ट्रेसिंग कागदावर प्लॉट काढला, तर मापांची पार खसखस झाली.

त्याच ट्रेसिंगवरून दुकानातून अमोनिया प्रिंट, म्हणजे कारागिरांसाठीची निळी नक्कल, काढून आणली. जड मशीन उचलायचा बीम होता, माल दुसऱ्याच दिवशी द्यायचा. हुक अडकतो ती प्लेट कापायची राहिली होती. मी ट्रेसिंगला भिंग लावलं, तरी जाडीचा आकडा लागेना; अंदाजानेच आमचा फिटर तुकाराम, त्याच्यावर ओरडलो, "दहा एमएमची प्लेट काप!"

तो प्रिंट घेऊनच आला. पन्नाशीचा, मालवणकडचा माणूस. "शेट, हय सोळा लिवलेला आसा."

"मला भिंगातून दिसेना, तुला बरं दिसलं रे!"

"माका चष्म्याबिगर दिसता. तुमीच बघा."

बघितलं. बाकी सगळी खसखस... आणि प्लेटपाशी १६. नखाएवढा, स्वच्छ. चिडलो, पण सोळाचीच कापायला लावली.

दुसऱ्या दिवशी चाचणीत साखळी सटकली. वजन वीतभर खाली आलं आणि झटक्याने थांबलं. खाली तुकाराम वाकून बोल्ट आवळत होता. प्लेट वाकली, पण फाटली नाही. गिऱ्हाइकाचा इंजिनीअर पांढराफटक पडला. म्हणाला, "दहाची असती तर हा माणूस गेला होता."

मी कम्प्युटर उघडला. आकडा सोळाच होता, मीच टाइप केलेला. उंची मात्र बाकीच्यांइतकीच. अमोनिया प्रिंट ट्रेसिंगला चिकटून निघते, तिच्यात काही मोठं होत नाही. काचेखाली बल्ब लावून ट्रेसिंग प्रिंटवर ठेवलं. रेघेवर रेघ जुळली. तो सोळा तेवढा जुळेना.

प्रिंटवाल्याशी भांडून आलो. तो म्हणाला, "साहेब, मी हाताने काही लिहीत नाही. लिहिलं असतं, तर तुम्ही त्यातही भाव पाडला असता!"

तुकारामला विचारलं, "मग हे झालं कसं?"

"शेट, आता भांडाक आणखी कोणाक शोधतास? मी जित्तो आसंय, ता बघा."

पुढे तो माझ्याकडूनच रिटायर झाला. निरोपाला बायको, दोन्ही मुली, नातू सगळे आले होते. त्याची बायको माझ्या पाया पडायला लागली, तेव्हा मी मागे सरकलो. ते श्रेय माझं नव्हतंच. कुणाचं, ते अजून कळलेलं नाही. सांगितल्या भावाने मी आयुष्यात काही घेतलं नाही... त्या दुपारी जे मिळालं, ते मात्र मुकाट्याने, हात जोडून घेतलं.