यानाला आवाज देणारी ताई

अंतराळावरच्या एका मालिकेत ताई यानाचा आवाज द्यायची. "इंधन कमी आहे", "दार बंद होत आहे", असली कोरडी वाक्यं. आवाजात जरा माया आली, की ध्वनिमुद्रक तिला थांबवायचा.

मग कॅप्टनच्या कुटुंबाचा भाग आला. त्यात कॅप्टनची आईवेगळी लेक यानात एकटी घाबरते आणि यान तिला निजवतं. वाक्य साधंच होतं, "झोप आता, मी जागी आहे." पण ताईच्या तोंडून तेही इंधन संपल्यासारखंच निघायचं. काही केल्या जमेना.

"घरी कुणाला निजवलंत का कधी?" ध्वनिमुद्रकाने विचारलं.

"धाकट्या भावाला. आई गेली तेव्हा एवढासा होता. आता चांगल्या मिशा आहेत त्याला!"

"मग त्यालाच म्हणून बघा की."

तिने बिचकतच फोन लावला. "काही नाही रे, सहज. जेवलास का?"

"जेवलो. तुझं काय बिनसलंय?"

"एक वाक्य म्हणते, हसू नकोस." आणि तिने ते म्हटलं.

भाऊ म्हणाला, "ताई, तेव्हाही तू थापच मारायचीस. माझ्याआधी तूच घोरायला लागायचीस!"

ताईला हसू आवरेना. डोळे पुसून ती माईकसमोर उभी राहिली आणि वाक्य पहिल्याच झटक्यात जमलं.

भाग लागला तेव्हा भाऊ आपल्या छोटीला मांडीवर घेऊन बसला होता. "ही आपली आत्या बरं का," तो सांगायला गेला, तर छोटी केव्हाच झोपली होती.