बंगल्याची पुढची बाजू

पालिकेच्या सभागृहातल्या खुर्च्या वेताच्या होत्या आणि त्यांच्या बैठका तिनंच विणलेल्या होत्या. त्यामुळे बांधकाम समितीतला प्रत्येक सभासद तिला पुढून आणि मागून असा दोन्हीकडून ठाऊक होता. अध्यक्ष डाव्या अंगावर कलून बसायचे, म्हणून त्यांची बैठक नेहमी डावीकडेच फाटायची. माणूस कसा बसतो त्यावरून तो मत कसं देणार ते कळतं, असं ती म्हणायची. हे खरं नव्हतं, पण ती असं ठासून म्हणायची की सभासद तिच्यासमोर जरा सावरून बसत.

हरकतबाई हे नाव तिला पालिकेच्या शिपायानं दिलं. तळ्याकाठी कुणीही नियमातून सूट मागितली, मग ती शेडसाठी असो, होडीच्या धक्क्यासाठी असो की नुसत्या न्हाणीघरासाठी, सुनावणीला पहिल्या रांगेत ही हजर. बदकानं घरटं बांधायचं म्हटलं तरी ही हरकत घेईल, असं शिपाई म्हणायचा. ती हरकत घ्यायची, समिती ती ऐकून घ्यायची आणि सूट देऊन टाकायची. शेताला कुंपण घालावं आणि कुंपणानंच शेत खावं, त्यातला प्रकार. तरी पुढच्या वेळी ही हजरच.

तिचं घर खालच्या रस्त्यावर होतं. रस्त्याच्या एका बाजूला चारदोन जुनी घरं, त्यातलं शेवटचं यांचं. खाली कारखाना, वर राहायची जागा. नवरा, ज्याला सगळे मिस्त्री म्हणत, खुर्च्यांचे सांगाडे करायचा आणि ती वेत विणायची. विणायला तिला सासूनं शिव्या घालूनच शिकवलं असं म्हणायला हवं, कारण शिकवताना सासूनं तिला एकही चांगला शब्द ऐकवला नव्हता. "हात आहेत का पाय?" हा त्यातला सौम्य प्रश्न. सून लग्न होऊन आली त्या आठवड्यापासून दोघींचं वाजलं ते शेवटपर्यंत. एकीनं खिडकी उघडली की दुसरी लावायची.

रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, त्यांच्या दारासमोर, तळ्यापर्यंत गेलेली मोकळी जागा होती. ती एका पैसेवाल्या माणसानं घेतली आणि तिथं बंगला बांधायचं ठरवलं. त्याला बांधायचं होतं अगदी पाण्याजवळ. नियम असा होता की घराची पुढची बाजू तळ्याकडे असेल तर मोठी जागा मोकळी सोडायची. मागची बाजू तळ्याकडे असेल तर थोडकी सोडली तरी चालेल, पण त्यासाठी समितीची सूट हवी आणि समोरच्या शेजाऱ्याची संमती हवी.

तो संमती मागायला आला तेव्हा मिस्त्रींना दादा म्हणाला, तिला वहिनी म्हणाला, आणि उठता उठता डझनभर खुर्च्या सांगून गेला. मिस्त्री माणूस देवासारखा, म्हणजे कुणालाही नाही म्हणता न येणारा. त्यांनी सही करून दिली.

आतल्या पलंगावरून सासू ओरडली, "काय लिहून दिलंस रे? भीड भिकेची बहीण असते, माहीत आहे ना?"

समितीची बैठक झाली त्या दिवशी ती दुरुस्त केलेल्या खुर्च्या पोचवायला सभागृहात गेली होती. अभियंत्यानं सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं, "बंगल्याची पुढची बाजू खालच्या रस्त्याला आहे. तळ्याकडे पाठ आहे. रस्ता आहे तोवर सूट द्यायला अडचण नाही." सभासद हसले, कारण असा पाण्याकडे पाठ करून बसणारा बंगला कुणी पाहिला नव्हता. मग जागा बघायला गेले. भर उन्हाळ्यात गेले, गाडीतून उतरले नाहीत, काच खाली करून उंटावरून शेळ्या हाकल्या आणि परत आले.

पुढची बाजू रस्त्याला आहे हे दाखवायला बंगलेवाल्यानं खालच्या रस्त्यावर एक मोठं नक्षीचं फाटक बसवलं. ते एकदा उघडलं, फोटो काढला, कुलूप लावलं. त्यानंतर ते कधीच उघडलं नाही. त्याची गाडी वरच्या अंगानं, मेव्हण्याच्या जागेतून यायची जायची. ते बंद फाटक मात्र तिच्या विणायच्या जागेच्या बरोब्बर समोर आलं. मान वर केली की फाटक.

तळं भरलं की जादा पाणी एका चरातून निघून जायचं. तो चर बंगल्याच्या भरावाखाली गेला. पुढच्या पावसाळ्यात पाण्यानं आपली वाट शोधली, आणि ती वाट म्हणजे खालचा रस्ता. कारखान्यात कमरेइतकं पाणी आलं. खालीच निजणाऱ्या सासूला जिना चढवणं शक्य नव्हतं. मिस्त्रींनी आणि शेजाऱ्यानं तिला बंगलेवाल्यासाठी केलेल्या डझनातल्याच एका खुर्चीत बसवलं, खुर्ची खांद्यावर घेतली आणि पाण्यातून चालत रस्त्याच्या वरच्या टोकाकडे निघाले. मध्ये शेजाऱ्याचा पाय घसरला. म्हातारी गळ्यापर्यंत बुडाली, वर आली, आणि त्याही स्थितीत सुनेला म्हणाली, "वेत सैल विणलायस."

त्याच आठवड्यात ती छातीत पाणी होऊन गेली. पालिकेनं लिहून कळवलं की भाग सखल आहे, पाणी येणारच. बंगलेवाल्यानं निरोप पाठवला की आता खुर्च्यांची गरज उरलेली नाही.

सासू गेल्यावर तिला मोकळं वाटेल असं सगळ्यांना वाटलं होतं, तिलाही वाटलं होतं. पण खिडकी उघडली की ती उघडीच राहायची. भांडायला घरात माणूस नाही ही गोष्ट तिला भुकेसारखी लागायची. बाहेर मान वर केली की फाटक दिसायचं. राग येतो आणि जातो. हिनं धरला तो डूख होता, आणि तो तिनं पोटच्या पोरासारखा जपला.

वर्षं गेली. दर पावसाळ्यात रस्ता बुडायचा. चर मोकळा करा, रस्ता उचला, असं ती दर सुनावणीत सांगायची. मग एकदा पालिकेनंच नवा विचार काढला. रस्ता उचलण्यापेक्षा तो कायमचा बंद करावा आणि तिथल्या लोकांना वरच्या इमारतीत खोल्या द्याव्यात. बाकीची घरं आनंदानं तयार झाली, पाण्याला ती कंटाळली होती. या विचारामागे बंगलेवाला होता हे उघड होतं. त्याला रिकाम्या घरांच्या जागी पाहुण्यांसाठी निवास काढायचा होता. अडचण एकच होती, आणि ती पहिल्या रांगेत बसायची.

म्हणून तो स्वतः आला. आता केस पांढरे झाले होते. ती वेत भिजवत बसली होती. तिनं त्याला बसायला खुर्ची दिली, म्हातारीला जिच्यात बसवून नेलं होतं तीच.

"वहिनी, जुनं सगळं विसरा," तो म्हणाला. "तुमच्याही भल्याचं आहे. कोरड्या जागेत राहाल."

"खरंय," ती म्हणाली.

"मग हरकत?"

"नाही घेत."

तो इतका खूश झाला की त्यानं तिच्या विणकामाचंही कौतुक केलं. तो गेल्यावर मिस्त्री रंधा हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"त्याला घर देऊन टाकलंस?" त्यांनी विचारलं. "मी आयुष्यात एकदा सही केली, तर मला जन्मभर ऐकवलंस. आणि आज तू?"

तिला सांगता आलं असतं. पण मिस्त्रींच्या पोटात काही राहत नसे. समोरच्यानं दोनदा दादा म्हटलं की ते सगळं ओकून मोकळे होत. म्हणून तिनं नवऱ्याचा अबोला पत्करला आणि वेत घट्ट ओढत राहिली.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. अध्यक्षांनी ठराव वाचला आणि विचारलं, "कुणाची हरकत?" सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. ती उठली, खिडकीतून येणारं ऊन चुकवायला खुर्ची थोडी सरकवली, आणि परत बसली. मागे कुणीतरी शिट्टी वाजवली. ठराव एकमतानं झाला. सह्या झाल्या, शिक्का बसला. खालचा रस्ता आता रस्ता राहिला नाही. बंगलेवाला सभासदांशी हात मिळवत फिरत होता.

"अध्यक्षसाहेब, हरकत नाही," ती म्हणाली. "एक विचारायचं होतं."

"विचारा ना, मावशी." अध्यक्षांना आज तिच्यावर माया आली होती.

"या साहेबांच्या बंगल्याची पुढची बाजू आता कोणती?"

आधी कुणालाच कळलं नाही. मग जुन्या सभासदांपैकी एकाला कळलं, त्यानं शेजाऱ्याच्या कानात सांगितलं, आणि ते रांगेतून पुढे सरकत अध्यक्षांपर्यंत पोचलं. बंगल्याला रस्ता एकच होता, हा. मेव्हण्याची जागा म्हणजे रस्ता नव्हे. रस्ता गेला की पुढची बाजू गेली, पुढची बाजू गेली की सूट गेली. तळ्याकाठचे नियम मधल्या काळात वरून कडक झाले होते आणि नवी सूट द्यायचा अधिकार समितीला राहिला नव्हता. बंगलेवाल्याचा हात कुणाच्या तरी हातात तसाच राहिला. तिला त्या क्षणी इतका आनंद झाला की तिला खुर्चीची पाठ धरावी लागली.

मिस्त्री बाहेर जिन्यावर भेटले. कितीतरी दिवसांनी हसले. "म्हणजे तू मला सांगितलं नाहीस," एवढंच म्हणाले.

पुढे जे व्हायचं ते झालं. बंगलेवाला कोर्टात गेला आणि हरला. पाडायचा हुकूम आला. सुरुवात भरावापासून झाली, कारण ते सोपं होतं. चर उघडा पडला. ती आणि मिस्त्री वरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहायला आली होती. रंधा मारायला जागा नाही, ठोकलं की खालचे तक्रार करतात. मिस्त्री दिवसभर गॅलरीत बसत आणि हात मांडीवर ठेवत. लोक म्हणत, बाईनं आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन केला. ती म्हणे, नाक माझं होतं.

पावसाळ्यात मिस्त्री एकटेच खाली जाऊन आले. "रस्ता कोरडा आहे," त्यांनी सांगितलं. "आपल्या दारापर्यंत ठणठणीत कोरडा."

आणि तेवढ्यात बंगलेवाल्यानं अर्ज केला. बंद केलेला रस्ता परत उघडावा. चर मोकळाच ठेवीन, रस्ता स्वतःच्या पैशानं उचलून देईन, समोरच्यांना त्यांची घरं परत मिळू देत. फक्त रस्ता उघडा, म्हणजे सूट जिवंत होईल आणि उरलेला बंगला वाचेल. बंद रस्ता उघडायला तिथल्या सगळ्या घरमालकांची संमती लागे. बाकीच्यांनी दिली होती. तिची तेवढी राहिली होती. तो खोलीवर आला तेव्हा दारातच उभा राहिला. वहिनी म्हणाला नाही. बाई म्हणाला, आणि त्या डझनभर खुर्च्याही घेतो म्हणाला.

तो गेल्यावर मिस्त्री तिच्यासमोर येऊन बसले. "जन्मभर मागितलंस ते सगळं देतोय," ते म्हणाले. "चर दिला, रस्ता दिला, घर दिलं. अगं, माझे हात बघ. काम नसलं की थरथरतात. चल ना परत."

तिनं हात पाहिले. थरथरत होते खरे. ते आपल्या हातात घ्यावे असं तिला वाटलं, आणि तिनं ते घेतलेही. पण डोळ्यांसमोर म्हातारी खुर्चीसकट पाण्यात जात होती आणि वर येत होती.

सुनावणीला दोघं शेजारी बसली. अध्यक्षांनी विचारलं, "कुणाची हरकत?" बंगलेवाला दोन खुर्च्यांपलीकडे होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, पायांखालच्या फरशीकडे बघत होता. ती उभी राहिली.

"माझी आहे."

अर्ज फेटाळला. बंगला पुढच्या आठवड्यात पडायचा होता. सभागृहातून बाहेर पडताना तिला शिपायानं सलाम केला, तिनं तो घेतला.

घराकडे चढणीच्या वाटेनं मिस्त्री पुढे चालले. इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दम लागून थांबले, कठडा धरला.

"आई असती," ते म्हणाले, "तर तिनं आधी घर घेतलं असतं. मग त्याला बघितलं असतं."

तिला माहीत होतं की हे खरं आहे. म्हातारीनं चावी कमरेला खोचून, कारखाना उघडून, दारात बसून त्याला रोज शिव्या घातल्या असत्या, आणि सुख मानलं असतं.

"म्हणून तर आमचं दोघींचं कधी पटलं नाही," ती म्हणाली आणि उरलेला जिना चढू लागली.