आठनंतर पुन्हा पाच

केळीच्या ओळीत पाऊल टाकलं आणि बाटलीताईच्या तोंडचं पाणीच पळालं. एखाद-दुसरं झाड असतं तर गोष्ट वेगळी. पण सहाशेच्या सहाशे झाडं तशीच. उंची कमरेएवढी, पानं एकमेकांना चिकटून पंख्यासारखी दाटलेली, आणि घड बाहेर पडायचा तो खोडाच्या गळ्यातच अडकून कुजलेला.

"फोनवर सांगून पटलं नसतं तुला," धाकटी बहीण म्हणाली. "मला वाटलं, वाढतील हळूहळू. पाणी कमी पडलं का गं ताई? का खत चुकलं? पहिल्यांदाच एकटीनं लावली आणि माती केली बघ मी."

बांधावरून शेजारीण ओरडली, "बाटलीतली पोरं ती! बाटलीएवढीच राहायची!"

एरवी ताईने तिला सव्वाशेर सुनावलं असतं. आज ती वाकून गळ्यात अडकलेला घड चाचपत राहिली.

एकोणीस वर्षं ती प्रयोगशाळेत एकाच काचेच्या पेटीपुढे बसत आली होती. हात स्पिरिटने पुसायचे, बोटाएवढी सुरी ज्योतीत धरायची, बाटलीतला केळीचा कोंब कापायचा आणि एकेक तुकडा नव्या बाटलीतल्या खाद्यावर उभा करायचा. महिन्याभरात एकाचे तीन. म्हणूनच गावाने तिला बाटलीताई केलं होतं. स्वच्छतेचं वेड इतकं, की मुलीची वेणीसुद्धा हात धुऊन घालायची. "आईला आम्ही सगळे जंतूच वाटतो," मुलगी म्हणायची.

तिथला नियम भिंतीवर चिकटवलेला होता. कोंब आठ वेळा कापले की ती पिढी नष्ट करायची आणि मूळ झाडापासून पुन्हा सुरुवात करायची. त्याहून जास्त कापलं तर कोंबाच्या आत काहीतरी बिघडतं. बाटलीत ते दिसत नाही, दिसतं ते थेट शेतात. म्हणून प्रत्येक झाकणावर कितवी खेप ते लिहायचं.

पण एक पिढी फार गुणी निघाली होती. बाकीचे एकाचे तीन देत, तर हे कोंब सहा. आठवी खेप झाली तेव्हा ताईने बाटल्या वाफेच्या भांड्यापर्यंत नेल्या आणि तशाच परत आणल्या. एवढी टवटवीत लेकरं उकळत्या वाफेत घालायची कशी? नव्या झाकणांवर तिने पाच लिहिलं. दर वेळी आठ झाले, की पुन्हा पाच. बहिणीने रोपं मागितली तेव्हा त्यातलीच तिने निवडून निवडून दिली होती.

"तुझं काही चुकलं नाही," ताई कशीबशी म्हणाली. "माझ्या हातानं झालंय." आणि तिने सगळं सांगितलं.

बहीण तिच्याकडे वळली. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"असं होईल हे माहीत नव्हतं. नियम माहीत होता."

बहीण तडक घरात गेली. चहाही विचारला नाही.

त्याच पिढीच्या नऊशे बाटल्या सोमवारी बाहेर जायच्या होत्या. त्या सकाळी प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडम येण्याआधीच ताई त्यांच्या दाराशी उभी होती.

"खरी कितवी खेप आहे ही?" मॅडमनी विचारलं.

"विसावी असेल."

"असेल?" मॅडमनी हातातली पिशवी टेबलावर टाकली. "अहो, शिकाऊ मुलींना मी तुमची झाकणं दाखवते! यातली रोपं आणखी कुठे गेलीत?"

"चार शेतांत. अजून लहान आहेत. मी स्वतः जाऊन सांगते."

"सांगाल. पण तोवर पेटीला हात लावायचा नाही."

नऊशे बाटल्या मात्र तिनेच वाफेच्या भांड्यात रिकाम्या केल्या. एकही कोंब आजारी दिसत नव्हता. रिकाम्या करताना तिच्या हातून दोन बाटल्या फुटल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच.

दुपारी फोन वाजला. बहीण.

"रविवारी झाडं तोडायची आहेत, ये," ती म्हणाली. आवाज अजून कोरडाच होता. "आणि हे बघ, तुझी ती बोटभर सुरी नको. कोयता आण."