तेरडा ठेवून गवत कापा

तुमच्या घरापुढच्या रस्त्याकडेचं गवत कोणी कापायचं, हे तुम्हाला माहीत आहे का?

आमच्या गल्लीतल्या मंदाकाकू काठी टेकत रोज एकट्या दूध आणायला जातात. यंदा गवत कमरेएवढं वाढलं आणि कडेचं उघडं गटार दिसेनासं झालं. परवा काकूंचा पाय त्यात गेला; थोडक्यात निभावलं. मुलाने बजावलं, आता एकटीने बाहेर पडायचं नाही. त्याच संध्याकाळी काकू माझ्याकडून नगरपालिकेला अर्ज लिहून घ्यायला आल्या.

निषेधाची पत्रकं लिहायच्या सवयीने मी सुरुवात केली, ‘झोपलेल्या प्रशासनाचा तीव्र निषेध.’

“निषेध खोड,” काकू म्हणाल्या. “गवत कापा, एवढंच लिही. आणि खाली लिही, तेरडा ठेवा. गौरी आठवड्यावर आल्यात, आपली गौर तेरड्याचीच असते.”

“असा अर्ज कोणी करतं का, काकू?”

“मग गौर काय तुझ्या पत्रकातून आणू?”

मी तसंच लिहिलं. आजवरच्या माझ्या प्रत्येक पत्रकात काय हटवा तेवढंच असायचं. काय जपायचं आहे म्हणून आपण भांडतो, ते लिहायचं राहूनच जायचं.

चार दिवसांनी नगरपालिकेचा माणूस विळा घेऊन आला. “अर्जात तेरडा होता, म्हणून मशीन नाही आणलं,” तो म्हणाला. गटाराची कड मोकळी झाली, गुलाबी तेरडा जागेवर राहिला आणि काकू दुसऱ्या दिवशी एकट्या दुधाला गेल्या.

तुमच्या गल्लीत काठी टेकत चालणारं कोणीतरी असेलच. आज त्यांच्याकडे जा, आणि ते सांगतील तसाच अर्ज लिहून द्या.