बसवनगुडीत केस कापायला

डिसेंबरात बंगळूरला उतरलं की सोलापूरच्या माणसाला स्वेटर न आणल्याचा पश्चात्ताप होतो. दर खेपेला होतो आणि दर खेपेला मी विसरतो. स्टेशनवर कडक कॉफी घेतली आणि रिक्षा बसवनगुडीकडे घ्यायला सांगितली. महिन्यातून एका रविवारी मुलाला भेटायची कोर्टाने मला मुभा दिली होती, आणि हा शेवटचा रविवार होता. कॉम्प्युटर शिकलेली माणसं तेव्हा भराभर अमेरिकेला चालली होती. चिनूची आईही निघाली होती, त्याला घेऊन. "तिकडे तुम्ही येणार नाही, हे तुम्हीच सांगा त्याला," असं ती फोनवर म्हणाली होती. तिचंही बरोबरच होतं, पण गाडीत माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

आतापर्यंतच्या रविवारांत मी चिनूला लालबाग दाखवली, विधानसौध दाखवलं, म्युझियम दाखवलं, तेही सगळं धावतपळत. रविवारच्या बापाला दुसरं काय सुचणार? आजही बेत भरगच्च होता.

दार आजीने, म्हणजे चिनूच्या आईच्या आईने उघडलं. हे घराणं तीन पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड मुरलेलं. "स्वल्प (थोडं) बसा, कॉफी देते," त्या म्हणाल्या. चिनू मात्र चपला घालूनच उभा होता.

"बाबा, आज लालबाग नको. केस कापायला जाऊ."

"केस? ते आजोबा नेतील की."

"आजोबा नेत होते. मीच म्हटलं, बाबा येतायत."

"कधीपासून डोळ्यांवर झिपऱ्या घेऊन हिंडतोय," आजी म्हणाल्या. "कुणाचं ऐकेल तर शपथ."

मग आम्ही चालत निघालो. चिनूला कसलीच घाई नव्हती. फुलवालीच्या टोपलीतला शेवंतीचा ढीग पाहून झाला, एका फाटकाआडच्या कुत्र्याची विचारपूस झाली. कोपऱ्यावरच्या उभ्यानेच खायच्या हॉटेलात आम्ही चौचौ भात (एकाच ताटलीत उपमा आणि गोड शिरा) घेतला. टेबल त्याच्या हनुवटीला लागत होतं. तो आधी सगळा उपमा संपवतो आणि शिरा शेवटी पुरवून पुरवून खातो, हे मला माहीत नव्हतं. एरवी मी त्याला "आटप, आटप" करत असे. आज मी नुसता बघत राहिलो, आणि मला फार बरं वाटलं, म्हणूनच फार वाईट वाटलं.

न्हाव्याने खुर्चीच्या हातांवर फळी टाकून चिनूला वर बसवलं आणि माझ्याकडे पाहत विचारलं, "यारू?" (हे कोण?)

"नम्मप्पा," चिनू म्हणाला. (माझे बाबा.) इतका ताठ बसून म्हणाला की न्हावी हसला. मग मला कन्नड येत नाही हे ओळखून त्याने हिंदीत विचारलं, "सार, मांग किधर?" (भांग कुठल्या बाजूला?)

"डावीकडे," मी हाताने खूण करून सांगितलं. चिनूने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. कात्री चालू झाली.

बाहेर पडल्यावर आम्ही बागेतल्या बाकावर बसलो. आता टाळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"चिनू, तुम्ही अमेरिकेला गेल्यावर मला दर महिन्याला येता येणार नाही."

"का? सोलापूरहून तिकडे गाडी नाही?"

"नाही रे. समुद्र आहे मधे."

"मग कधी येणार?"

"माहीत नाही."

तो बराच वेळ मानेवरचे बारीक केस झटकत राहिला. मग म्हणाला, "सरी (बरं). मग तुम्ही येईपर्यंत मी केस वाढवतो."

मी त्याची मान रुमालाने पुसत बसलो.

फाटकाशी आजी उभ्याच होत्या. त्यांनी चिनूची हनुवटी धरून चेहरा वळवला. "अय्यो, भांग उलटा कसा रे? तुझा उजवीकडे असतो ना? कुणी सांगितलं डावीकडे पाडायला?"

"मीच सांगितलं," चिनू म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता आत गेला.

परतीच्या गाडीत शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, बंगळुरात काय काय पाहिलंत? लालबाग, असं सांगून मी खिडकीकडे तोंड केलं. एवढ्याशा पोराने बापाला सांभाळून घेतलं होतं, आणि मला त्याच्यासाठी रुमाल फिरवण्यापलीकडे काही जमलं नव्हतं. केस वाढवायचं तो काही दिवसांत विसरेल, आणि विसरावंच त्याने. तिथला न्हावीही विचारेल, भांग कुठल्या बाजूला. तेव्हा चुकीचं सांगायला शेजारी मी नसेन.