शनिवारी भरून ठेवलेला सोमवार

सकाळी साडेसहाला मी रोज यवतमाळच्या लोकांना नमस्कार करते, तेव्हा खरी मी घरी पोळ्या लाटत असते. रेडिओवर असतो तो नुसता आवाज. आमच्या लहानशा केंद्रात माणसं तीन: साहेब, मशिनवर बसणारे एक दादा आणि मी. पहाटे चारला उठून यायचं कोणी? म्हणून सकाळचा कार्यक्रम आदल्या दिवशी दुपारीच मशिनमध्ये भरून ठेवायचा, सकाळी तो आपोआप लागतो, ही आमची जुनी रीत. बातम्या, एक मुलाखत, एखाद्या गावची गोष्ट, झालं. खिडकीतून दुपारचं ऊन पाठीवर येत असतं आणि मी माइकसमोर सांगत असते, "आज पहाटे थंडीचा कडाका जाणवला." कळंबला चतुर्थीच्या पहाटे भाविकांच्या रांगा लागल्या, हेही मी तिजेलाच सांगून टाकते. रांगा लागतातच. त्या बाबतीत गणपतीनं मला आजवर तोंडघशी पाडलं नाही.

रविवारी सुट्टी असते, म्हणून सोमवारची सकाळ शनिवारीच भरायची.

खरं सांगते, मी कंटाळले होते. रोज कोणीतरी समोर बसतं, गाऱ्हाणं सांगतं, आपण हं हं करायचं, चार मिनिटांत आटपायचं आणि पुढच्याला बोलवायचं. पांढरकवड्याचा कापसाचा भाव, पुसदचा पाण्याचा टँकर, कुठली तरी शाळा, कुठला तरी दवाखाना. माणसं बदलतात, गाऱ्हाणी तीच. अलीकडे तर मला प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर ऐकू यायचं. अशा वेळी माणसानं सुट्टी घ्यावी. मी घेतली नाही.

त्या जानेवारीत पुसदकडच्या एका तांड्यावर गेले होते. पावसाळ्यात नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, वाहून गेला आणि तांड्याच्या फाट्यावर येणारी सकाळची बस बंद पडली, ती पडलीच. एक बंजारा बाई वावरात तुरी कापत होती, तिला मी बोलतं केलं. तिची मुलगी बारावी सायन्सला, कॉलेज तालुक्याच्या गावी. सकाळी पावणेसातला एकच काळीपिवळी जीप जाते, त्यानंतरची गाडी भरेल तेव्हा सुटते, कधी नऊला, कधी दहाला.

"गड्या-माणसाइच्या मांडीले मांडी लावून बसते पोरगी," ती म्हणाली. "मले नाई आवडत, तिलेबी नाई आवडत. पण शिकाचं हाये ना बाप्पा! बस सुरू करा मना त्याइले."

मुलगी मागे उभी होती, ओढणीचं टोक चावत. तिला म्हटलं, तूही बोल. ती म्हणाली, "माही याडी बोलली ना, तेच." याडी म्हणजे आई. एवढंच बोलली आणि लाजून पेंढ्या उचलायला गेली.

मुलाखत लागली. बसच्या साहेबांना फोन केला, तर ते चक्क स्वतःच केंद्रावर आले. शनिवार होता. माइकसमोर ऐटीत म्हणाले, रपट्याचं काम झालंय, सोमवारपासून बस सुरू. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! किती महिन्यांनी आमच्या कार्यक्रमानं काहीतरी झालं होतं. मी लगेच बातमी लिहिली आणि रीतीप्रमाणे झाल्यासारखीच लिहिली: "तांड्याची बंद पडलेली बस आज सकाळपासून सुरू झाली. विद्यार्थ्यांनी आनंद व्यक्त केला." कुठला आनंद आणि कुठले विद्यार्थी! शनिवारी दुपारचे साडेतीन वाजले होते.

सोमवारी बस आलीच नाही. रविवारी म्हणे रपट्याचा एक कडेचा भाग खचला. मला कोणी कळवलं नाही, मीही विचारलं नाही. रविवारी मी डोक्याला तेल लावून झोपले होते.

मंगळवारी दुपारी ती बाई मुलीला घेऊन केंद्रावर आली. पायांवर धूळ, चेहरा ताठ. मला वाटलं, आभार मानायला आली. मी तर चहा सांगायला निघाले होते.

"बाई, सोमवारी पोरीचं प्रॅक्टिकल होतं," ती म्हणाली. "फाट्यावर उभ्या होतो आमी. मोबाइलवर तुमाले ऐकून राह्यलो होतो. जीपवाला आला, चाल मने. मी त्याले मनलं, जाय तू, बस सुरू झाली, रेडिओवर सांगतलं आत्ताच. तो गेला. मंग बसच नाई आली. नऊ वाजेलोक उभ्या होतो."

 मला वाटलं, गाडी चुकली तर सर समजून घेतील, दुसऱ्या दिवशी बसवतील. तसं म्हटलंही. तेव्हा मुलगी पहिल्यांदा तोंड उघडून बोलली.

"सर मनाले, खोटं काहून बोलते? बस तं सुरू झाली. मी सोता सकाळी रेडिओवर ऐकलं."

 दादांनी मशिनवरून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

आई म्हणाली, "तुमी एक कागद लिहून द्या. बस नवती आली मनून. सर तुमचंच मानतात. गुरुवारी शेवटची बॅच हाये. तेवढी चुकली तं पोरगी नापासच समजा. वर्ष जाते, अन् मंग तिचा बाप शिकू नाई देत. तिले पाहाले पाहुणे तं आत्ताच येऊन राह्यले."

मी कागद घेऊन साहेबांकडे गेले. साहेब माणूस वाईट नाही, पण कातडीबचाऊ. म्हणाले, "ताई, रेडिओनं खोटी बातमी दिली, असं आपणच लेखी द्यायचं? उद्या कोणी तो कागद फिरवला तर? बसवाल्यांकडून आणायला सांगा." मी म्हटलं, "बसवाले महिनाभर हेलपाटे मारायला लावतील, परीक्षा परवा आहे." ते म्हणाले, "तुमचा स्वभाव फार भावनिक आहे." माझ्या डोक्यात तिडीक गेली. भावनिक! सतरा वर्षं मी लोकांच्या गाऱ्हाण्यांचे चार मिनिटांचे तुकडे पाडते आहे, भावना उरली असती तर सोमवारी सकाळी उठून एक फोन नसता का केला?

त्या दोघींना सांगितलं, जा, मी बघते. काय बघणार होते, माझं मलाच माहीत नव्हतं.

बुधवारी पहाटे पाचला उठले, स्कूटरला तीन किका मारल्या, केंद्र उघडलं. पावणेसहाला दादांनाही फोन करून बोलावलं, ते मफलर गुंडाळून आले आणि काही न विचारता मशिनवर बसले. साडेसहाला भरून ठेवलेला कार्यक्रम लावायचाच नाही म्हटलं. माइक सुरू केला.  मी सांगितलं: सोमवारी आम्ही सांगितलेली बसची बातमी खोटी होती. ती शनिवारी दुपारी भरून ठेवली होती. बस आलीच नव्हती. आमच्यावर विश्वास ठेवून एका मुलीनं जीप सोडली आणि तिची परीक्षा बुडाली. तिच्या सरांनी सोमवारी आमचं ऐकलं, तसं आजही ऐकावं. ती खरं बोलत होती, खोटं मी बोलले.

मग काय बोलायचं ते सुचेना, म्हणून पांढरकवड्याचा कापसाचा भाव वाचला. तोही आदल्या दिवशीचा, पण या वेळी तसं सांगून वाचला.

सात वाजता सरांचा फोन आला. आवाज पडलेला. म्हणाले, "मॅडम, दाढी करता करता ऐकलं. उद्या पाठवा तिला." गुरुवारी मुलीचं प्रॅक्टिकल झालं. साहेब माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही, उलट जरा आराम मिळाला.

त्यानंतर मी भरून ठेवणं सोडलं. रोज पाचला उठते, फोन करून खात्री करते, साडेसहाला खरोखर माइकसमोर असते. गुडघे दुखतात. घरी पोळ्या नवरा लाटतो आणि त्याबद्दल रोज ऐकवतो. असो.

फेब्रुवारीत रपटा नीट झाला. बस सुटायच्या दिवशी मी पहाटेच ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हणाला, "निघालो ताई, सव्वासहाले." मागे इंजिनाचा आवाज येत होता. तो आवाजही ऐकून घेतला, म्हटलं आता तर शंका नको. साडेसहाला सांगितलं: तांड्याची बस सुटली आहे, सातला फाट्यावर येईल. सांगताना मला फार दिवसांनी आपल्या कामाचा आनंद वाटला.

सव्वासातला ड्रायव्हरचाच फोन आला. "ताई, फाट्यावर तं कोणीच नवतं. खाली गाडी घेऊन आलो."

मी घाबरून तांड्यावर त्या बाईला फोन केला. विचारलं, मुलगी आजारी आहे का? कॉलेजला नाही गेली?

"गेली ना. जीपनं गेली."

"अवो, पण बस सुरू झाली! मी सांगितलं ना सकाळी. ऐकलं नाही का तुम्ही?"

"ऐकलं ना बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, मला समजावून सांगावं तसं बोलली. "तुमी सांगतलं, मनूनच तं जीपनं धाडली."