पोटरीतली आवणी

माझ्या खोडाळ्याच्या मामांइतका हट्टी माणूस जव्हार-मोखाड्यात दुसरा झाला नसेल. मास्तरकीतून निवृत्त झाले, पण शिकवणं सुटलं नाही. एसटीच्या ड्रायव्हरला वळण घ्यायला शिकवत, मामींना भात शिजवायला शिकवत, लग्नात भटजींना थांबवून उच्चार सुधारत. आणि हे सगळं बिडीच्या धुरातून.

त्या बिडीनेच पायाच्या रक्तवाहिन्या बंद झाल्या. अंगठा काळा पडला, जखम भरेना. नाशिकच्या डॉक्टरांनी उरलेला एकच उपाय सांगितला: कमरेच्या हाडातून मूलपेशी काढायच्या, पोटरीत टोचायच्या. लागू पडलं तर नव्या बारीक वाहिन्या फुटतील, पाऊल वाचेल. "पण बिडी बंद. नाहीतर नव्याही बुजतील." तपासण्या, फाइल, गाडी, डबे सगळं मी पाहिलं. मामांनी फक्त नर्सला शिकवलं, "ही भाताची आवणी आहे, बाय. कमरेतलं रोप उपटायचं, पोटरीच्या खाचरात लावायचं." अख्खा वॉर्ड हसला.

घात तिथेच झाला. घरी आल्यावर खाचरात पाणी हवं म्हणून पोटरीवर ओला पंचा, मामींचा हात लागला की "रोप तुडवू नकोस!" तरी जखम खरंच सुकू लागली. पाऊल उबदार लागतंय म्हणून मामी शेजारणींना हात लावून बघायला लावत. मग एका दुपारी मी गेले, तर मामा गोठ्यामागे बिडी ओढत बसलेले.

"मामा, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टर शहरातला. राब भाजल्याशिवाय रोप जोर धरतं का? जरा धग हवी."

"राब पेरणीच्या आधी भाजतात, पालापाचोळा पसरून. रोप लावल्यावर शेत पेटवतं का कोणी?"

"विचार, विचार!" मामी आतून ओरडल्या.

"तू कधी चिखलात वाकलीस गं, जव्हारच्या ऑफिसात बसणारी?" मामा म्हणाले. बिडी विझवली नाही.

पाय गुडघ्याखालून कापावा लागला. मग बिडी सुटली. मग!

यंदा आवणीला मामा बांधावर खुर्ची टाकून बसले होते. बायका मुद्दाम रोपं वाकडी लावून विचारत होत्या, "मास्तर, बराबर हाय का?" मामा माझ्या पायांकडे बघत होते. जरा वेळाने मला म्हणाले, "बाय, चपला काढ. उतर खाचरात."

मी उतरले.

"बोटांमधून चिखल वर येतो का गं? गार लागतो?"

जन्मभर सगळ्यांना सांगत आलेला माणूस पहिल्यांदाच कुणाला तरी विचारत होता.

"गार आहे, मामा," मी म्हणाले. बिडी आधी सुटली असती तर हे त्यांचं त्यांना कळलं असतं, हे मात्र बोलले नाही.